अर्ध्या गोष्टीचा तुंबा

मी एक जुना तुंबा आहे. मित्रांनो, तुंबा म्हणजे वाळवून पोकळ केलेला कडू भोपळा. जव्हारजवळच्या साखरशेत गावातल्या एका घराच्या कुडावर माझा वेल चढला होता. त्या घरच्या चैतीने मला वेलावरच पिकू दिले, चुलीच्या धुरात टांगून वाळवले, आतला गर खरवडून काढला आणि लाकडी बूच बसवले. माझ्या पोटात ती बियाण्याची नागली, म्हणजे नाचणी, ठेवी. पेरणीला मी रिकामा होई, पीक आले की पुन्हा भरे. बरे चालले होते माझे.

चैतीचा मुलगा नवसू जव्हारच्या शाळेत शिकला, तिथेच मास्तर झाला आणि गोष्टी लिहू लागला. ठाण्याच्या एका मासिकात त्या छापून येत. तेव्हा जव्हारला संस्थान होते. जगभरचे लेखक कसे लिहितात ते पाहून ये, असे म्हणून दरबाराने त्याला विलायतेला पाठवायचे ठरवले.

निघायच्या सकाळी चैतीने मला अर्धा भरून त्याच्या हाती दिले.

"अगं चैते, पोरगा बोटीत नागली पेरणार का काय?" शेजारची फागी हसली.

"पेराया नाय, माघारी आणाया देतेय," चैती म्हणाली.

मग तिने गोष्ट सुरू केली. त्या घरची रीतच होती तशी. लांब जाणाऱ्याला अर्धा तुंबा बियाणे द्यायचे आणि अर्धी गोष्ट सांगायची. उरलेली गोष्ट तो परत आल्यावर.

एका मुलीने दरीत हाक मारली, ती डोंगराने ठेवूनच घेतली. मुलगी मुकी झाली. डोंगर चढून गेली आणि खुणा करकरून आपली हाक मागू लागली. डोंगर म्हणाला, "देतो. पण..."

चैती थांबली. नवसूने "हूं" केले, तरी ती पुढे बोलेना.

"पण काय, आये?"

"ये, मग सांगीन."

मित्रांनो, लंडनमध्ये मला फार गारठा सोसावा लागला. आम्ही पार्करबाईंच्या घरी भाड्याने राहत होतो. तिथे देशोदेशीचे लिहिणारे उतरत. नवसूने धुक्यावर लिहिले, बर्फावर लिहिले. तो वाचून दाखवी, लोक "छान" म्हणत आणि चहा ओतू लागत. मग तो खोलीत येऊन मला मांडीवर घेऊन बसे. "आपण इथं कोण रे?" असे मलाच विचारी. बी ओले होऊ नये म्हणून रोज मला शेगडीपाशी ठेवी.

एक दिवस पार्करबाईंनी कौतुकाने माझे बूच काढले. आत बारीक, तांबूस नागली. बाईंना वाटले, माती! त्यांनी माझ्यात पाणी घातले आणि पिवळी फुले खोचून दिली.

"अहो बाई, हे काय केलंत!" नवसूने मला चादरीवर उपडे केले. वरचे दाणे फुगले होते, तळचे तेवढे कोरडे. त्याचे डोळे भरून आले.

"मी तर फुलंच लावली," बाई गोंधळून म्हणाल्या. मग खाली बसून त्याही कोरडे दाणे वेचू लागल्या. "कोणी दिलंय हे?"

तेव्हा त्याने आईची गोष्ट सांगितली. "देतो. पण..." पाशी तोही थांबला.

"पण काय?"

"ते आईजवळ आहे."

बाई उठल्या आणि जिन्यातून हाका मारू लागल्या. "या सगळे! याची गोष्ट अर्धीच आहे!"

त्या संध्याकाळी चहा निवून गेला. आयर्लंडची एक लेखिका म्हणाली, "देतो, पण तुझ्या आजीच्या बोलीत मागितलीस तर." रशिया सोडून आलेले एक म्हातारे लेखक म्हणाले, "देतो, पण घरची वाट विसरशील," आणि चष्मा पुसत बसले. पार्करबाईंचा मुलगा जहाजावर गेला तो परतलाच नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, "देतो, पण मग मी एकटाच पडेन."

आम्ही घरी आलो तेव्हा चैतीचे केस पांढरे झाले होते. तिने मला कानापाशी हलवले. "कमी झाली रं."

"भिजली, आये. एका बाईनं माती समजून फुलं लावली."

"फुलं? नागलीत?" चैती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"आता सांग. पण काय?"

चैतीचे हसू मावळले. "मला कुठं ठावं? सासरी धाडताना माझी आयेही इथंच थांबली. मी माहेरी जाईस्तवर साथीत गेली ती."

"मग मला का सांगितलीस?"

"तू जग हिंडणार. म्हटलं, कुणाला तरी ठावं असंल."

नवसू तिच्याजवळ सरकून बसला. आता तो सांगू लागला आणि चैती हुंकार देऊ लागली. आयर्लंडच्या बाईचा शेवट सांगितला, "हूं." म्हाताऱ्याचा सांगितला, "हूं." मग पार्करबाईंचा. हुंकार आला नाही. चैतीचा हात माझ्या पोटावर तसाच राहिला. मग ती म्हणाली, "हां. माझी आये असंच बोलली असती."

त्या साली तळचे दाणे पेरले. छान उगवले.

आता माझ्या मानेला तडा गेला आहे. नवसूच्या लेकीने, राहीने, तो राळ लावून बुजवला. मित्रांनो, घरातला जुना तुंबा फेकू नका, चार दाणे राहू द्या त्याच्या पोटात. लांब निघालात तर आईकडून अर्धी गोष्ट मागून घ्या. वाटेत भेटेल त्याला ती सांगा आणि उरलेली मागायला परत या. मागायला कोणी आले की डोंगराला बरे वाटते.