शुक्रवारी उमटलेला सोमवार

मी तारखेचा एक जुना शिक्का आहे, मित्रांनो, आणि वर्ष उलटले तरी माझ्या अंगावर एकच सोमवार आहे. चौदा तारीख. कोर्टाच्या कागदपत्रांच्या खोलीत, एका खाकी पाकिटात मी पडून आहे. पाकिटाला दोऱ्याची गाठ आहे आणि वर फायलींचा भार आहे. फार थकलो आहे. तरी तुम्ही ऐकणार असाल तर सांगतो.

शिक्के करणाऱ्या एका कारागिराने मला त्याच्या अरुंद दुकानात घडवले. लाकडी मूठ, लोखंडी चौकट, वर 'आवक' हा शब्द आणि खाली रबराच्या तीन पट्ट्या: दिवसाची, महिन्याची, वर्षाची. कडेची चाके फिरवली की पट्ट्या फिरत. वर्षाच्या पट्टीवर बाराच वर्षे होती. तेव्हा मला तो फार मोठा काळ वाटला होता. पुढे ती बारा वर्षे सरली आणि माझ्या ठशाशेजारी पेनने वर्ष लिहिले जाऊ लागले. नवा शिक्का मागवायचे प्रत्येक वर्षी ठरायचे आणि राहून जायचे.

एका सरकारी महाविद्यालयाच्या कार्यालयात मी कामाला लागलो. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्याखालून जायचा. ज्यांच्या हातात मी होतो त्यांना सगळे आवकताई म्हणत. त्यांचे खरे नाव पगारपत्रकाखेरीज कुठे दिसत नसे. ताई कामाला वाघ होत्या. "ताईंच्या टेबलावरून कागद हरवायचा नाही," असे प्राचार्यही म्हणायचे, आणि मला वाटायचे त्या कौतुकात थोडा वाटा माझाही आहे.

ताईंची एक सवय होती. सकाळी खिडकीवर झुंबड उडते, तेव्हा चाके फिरवत बसायला वेळ नसतो, बोटे शाईने बरबटतात. म्हणून त्या आदल्या संध्याकाळीच, पाचच्या सुमारास, माझी तारीख पुढे करून ठेवत. शुक्रवारी तर थेट सोमवार. त्यानंतर एखादा कागद आलाच तर त्यावर पुढची तारीख पडायची. कोणाचे काही अडायचे नाही. चौदा वर्षांत त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता, आणि मीही मुकाट उमटत राहिलो.

त्याच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. प्रयोगशाळेतला धूर बाहेर टाकणारा पंखा बंद पडला होता आणि मुले खोकून बेजार होत होती. बाईंनी पत्र दिले, मी उमटलो. दुसरे दिले, पुन्हा उमटलो. तिसऱ्या पत्राची प्रत त्यांनी वरच्या कार्यालयालाही पाठवली. तिन्ही पत्रांना उत्तर आले नाही. चौथा कागद आला तो त्यांच्या बदलीचा. ऐन सत्रात, चारशे किलोमीटरवर, 'प्रशासकीय कारणास्तव'. हे दोन शब्द मी इतक्या कागदांवर पाहिले आहेत की आता त्यांचा वीट आला आहे.

बाईंच्या घरी त्यांचे म्हातारे वडील होते. त्यांची दृष्टी गेली होती, पण घर त्यांच्या पायांना पाठ होते. पलंगापासून मोरीपर्यंत नऊ पावले, तिथून स्वयंपाकघर पाच. बाई दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन त्यांना जेवायला वाढून येत. त्यांना नव्या घरात नेणे म्हणजे दुसऱ्यांदा आंधळे करणे, असे बाई ताईंना म्हणाल्या होत्या. म्हणून त्या कोर्टात गेल्या. कोर्टाने अंतरिम आदेश दिला: हा आदेश महाविद्यालयाला मिळेपर्यंत बाई कार्यमुक्त झाल्या नसतील, तर त्यांना आहे तिथेच राहू द्यावे.

तो शुक्रवार होता, अकरा तारीख. बाई धापा टाकत आदेशाची प्रत घेऊन आल्या तेव्हा सव्वापाच झाले होते.

"ताई, पोचले बाई एकदाची! घ्या, शिक्का मारा."

"द्या, द्या. आता घरी जा आणि निवांत झोपा, मॅडम," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला दाबले.

मित्रांनो, मी सोमवार उमटलो. ताईंचे लक्ष नव्हते. बाईंनी आनंदाच्या भरात पोच न वाचताच घडी घालून पर्समध्ये ठेवली.

हेडक्लार्कने मात्र तो ठसा पाहिला. तो कागद घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. सोमवारी बाईंच्या हातात कार्यमुक्तीचा आदेश पडला, त्यावर तारीख शुक्रवारची. बाई शुक्रवारीच मोकळ्या झाल्या, कोर्टाचा कागद सोमवारी आला, असा हिशोब चोख बसला. त्याला साक्षीदार मी.

ताईंना सगळे कळले, पण त्यांची पाचावर धारण बसली. "ताई, बदली काय एकट्या मॅडमचीच होते का?" हेडक्लार्क हसत हसत म्हणाला होता. ताईंच्या घरी दोन मुली शाळेत होत्या. त्यांनी तोंडाला कुलूप लावले.

नोकरी जाऊ नये म्हणून बाई चारशे किलोमीटरवर रुजू झाल्या. कोर्टात तारखेवर तारीख पडत गेली. मीही दिवसभर तारखाच द्यायचो, पण त्या इतक्या जड नव्हत्या. असे अकरा महिने गेले.

मग एके दिवशी शेजारच्या काकूंच्या खांद्यावर हात ठेवून बाईंचे वडील कार्यालयात आले. त्यांच्या कपाळावर टाके होते. काकूंनी केर काढताना स्टूल सरकवले होते, ते पुन्हा जागेवर ठेवायचे राहिले, आणि आजोबा त्यावर आपटले होते. आवक नोंदवहीच्या त्या शुक्रवारच्या पानाची नक्कल मिळावी, असा अर्ज त्यांनी आणला होता. ताईंनी मला उचलले.

"पडली का तारीख?" आजोबांनी विचारले.

"पडली, आजोबा."

"आजचीच ना? राग मानू नका हं ताई. मला दिसत नाही, म्हणून विचारलं."

ताईंनी मला हळूच खाली ठेवले आणि पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना टेबलावर रडताना कधी पाहिले नव्हते. मलाही फार लाज वाटली.

पुढच्या तारखेला ताई कोर्टात उभ्या राहिल्या, मला रुमालात गुंडाळून.

"तुम्ही रोज असंच करता?" न्यायाधीशांनी विचारले.

"हो, साहेब. चौदा वर्षं."

"कुणी सांगितलं होतं तसं करायला?"

"कुणीच नाही. सोपं पडतं म्हणून. चूक माझी आहे, साहेब. मॅडम शुक्रवारीच आल्या होत्या."

सरकारी वकील म्हणाले, हे सगळे आता रचलेले आहे. तेव्हा बाईंच्या वकिलाने एक जुना रजेचा अर्ज पुढे केला. त्यावर माझा ठसा सोमवारचा, आणि त्याच्या खाली खुद्द प्राचार्यांनी 'मंजूर' लिहून सही केली होती, तारखेसह. ती तारीख आदल्या शुक्रवारची होती. म्हणजे यायच्या आधीच अर्ज मंजूर! कोर्टात हशा पिकला. प्राचार्य मात्र बुटांकडे बघत होते.

मग न्यायाधीशांच्या सांगण्यावरून ताईंनी माझी चाके चौदा तारखेवर आणली आणि कोऱ्या कागदावर मला उमटवून दाखवले. तो कागद आणि मी, दोघे पाकिटात गेलो. बदली रद्द झाली. बाई घरी परतल्या. आजोबांनी पहिल्या दिवशी सगळी स्टुले हाताने चाचपून पाहिली म्हणे.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरे वाटले असते. निकालात 'शिक्का महाविद्यालयाला परत करावा' असेही लिहिले आहे. ताई येतील आणि घेऊन जातील, म्हणून मी वाट पाहत राहिलो. गेल्या आठवड्यात माझ्या शेजारी एक नवी फाइल येऊन पडली. अर्जदार म्हणून एक अनोळखी नाव होते. आतला मजकूर कारकून मोठ्याने वाचू लागला, तेव्हा मला कळले की त्या आवकताई आहेत. त्यांची बदली झाली आहे, ऐन परीक्षांच्या दिवसांत, त्याच दोन शब्दांनी. त्यांच्या बाजूने एक प्रतिज्ञापत्र जोडले आहे. खाली सही रसायनाच्या बाईंची आहे.

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. मी लाकूड आणि रबर आहे. पण तुमच्या हातात कधी शिक्का आला, तर दाबण्याआधी एकदा तारीख बघा. कागदापलीकडे कोणीतरी पावले मोजत चालत असतो. आणि कधी या खोलीत आलात, तर माझ्या पाकिटाची गाठ सोडा आणि हा सोमवार फिरवा. ताईंच्या अर्जावर कोर्टाचा आदेश निघून महाविद्यालयात येईल, तेव्हा त्यावर तारीख पडायची आहे, आणि ती मला त्या दिवशीचीच द्यायची आहे.