एका वेळी एकच काठ

या, असे जवळ सरका. पैनगंगेच्या घाटावर एक म्हातारा गाता गाता मध्येच गप्प झाला, त्याची गोष्ट सांगतो. कीर्तनाला बसल्यासारखी ऐका. टाळ नसले तरी चालेल.

उद्धवने दोन्ही हात वर धरले आणि रेणुकाबाईंनी त्याच्या छातीभोवती वाळक्या भोपळ्यांची माळ आवळली. पुढे चार, मागे तीन. गाठ मारताना त्या लेकाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. शेजारच्या विठ्ठलरावांनी त्याच्या कमरेला अंबाडीचा दोर बांधला, दुसरे टोक घाटाच्या दगडी खांबाला वेढले आणि हातात घट्ट धरले.

नदीच्या मधोमध, गढूळ लाल पाण्यात, बेटावरच्या उंबराचा शेंडा तेवढा उरला होता. त्यात भागाबाई अडकली होती. सकाळी ती विळा घेऊन म्हशीसाठी गवत कापायला पायीच बेटावर गेली, वर कुठेतरी ढग फुटला आणि दुपारपर्यंत नदीने बेट गिळले. आता इथेही पाऊस असा कोसळत होता की झाड दिसे आणि लगेच पुसले जाई. पलीकडचा काठ तर दिसतच नव्हता.

"म्हशीचं गवत आनाले गेली, आन सोताच वानरावानी झाडावर," विठ्ठलराव म्हणाले. "वाचली तर इचारीन तिले, उंबरं पिकली काय म्हनून."

"वाचली तर नाही, काका. वाचल्यावर," उद्धव हसला आणि बापाकडे वळला. "बापूजी, लावा आवाज."

सगळे गाव त्यांना बापूजी म्हणे, मुलगाही. भीमपूरच्या अंगाला असलेल्या या गावात बुडत्याला काढण्याचे काम कुणी कुणाला नेमून दिलेले नव्हते. पोहणारे आठ-दहा जण होते. ज्याच्या वेलाला पहिला भोपळा धरेल, त्याने तो न तोडता त्यांच्यासाठी वाळवायचा. आणि काठावर एक गाणारा. पुरात उतरलेल्याला लाटांमुळे काठ दिसत नाही, पण ऐकू येतो. बापूजी तीस वर्षे इथे एकच ओळ गात आले होते: "इकडे तीर, इकडे हरी."

पण नदी इथे वळते. बेटाच्या पुढे धार माणसाला पलीकडच्या काठाकडेच फेकते, आणि दोघांचा भार उलटा ओढावा तर दोर तुटतो. म्हणून नेम असा होता: पोहणाऱ्याने बेटापाशी दोर सोडला की आपल्या काठाने गप्प व्हायचे आणि पलीकडच्या काठाने तीच ओळ उचलायची. एका वेळी एकच काठ. मागे एकदा दोन्हीकडचे आवाज चालू राहिले. वामनरावासारखा पट्टीचा पोहणारा मध्येच माघारी वळला आणि धारेशी झुंजत राहिला. तिसऱ्या दिवशी सापडला.

पलीकडे गायचे ते उत्तमराव. अलीकडे मोगलाई असताना रझाकारांची धामधूम माजली, तेव्हा बापूजींना बायकापोरांसह त्यांनी आठ महिने आपल्या घरात ठेवून घेतले होते. पुढे राज्ये नव्याने आखली गेली. अलीकडच्यांना वाटले होते, आपली मराठी गावे पलीकडे जोडतील. नाही जोडली, तेलुगू राज्यात गेली. पलीकडचा काठ मात्र मराठी मुलखाला जोडला गेला, म्हणून त्या दिवशी उत्तमरावांनी आपल्या देवळात साखर वाटली. बापूजी तिथेच बसलेले होते. हातावरची साखर त्यांनी हलकेच पायरीवर ठेवली.

"तुमी साखर वाटून राह्यले, उत्तमराव. आमाले कोनाच्या दारात टाकलं, ते तरी पुसा."

ते उठले ते थेट नावेत जाऊन बसले. घरी आल्यावर म्हणाले, "पलीकडचं एक अक्षर माह्यासमोर काढायचं नाही." त्याला दहा महिने झाले होते. कुणी काढले नव्हते.

बापूजी गात होते. दोर सरसर पाण्यात जात होता. मध्येच तो थांबला, दोनदा हिसकला.

"धरली तिले!" विठ्ठलराव ओरडले. मग दोर त्यांच्या हातात सैल आला. उद्धवने गाठ सोडली होती.

बापूजींनी ओळ अर्ध्यावर तोडली. त्याबरोबर रेणुकाबाईंनी त्यांचा दंड पकडला.

"अवो, थांबू नका. गात राहा."

"खुळी झाली काय? ऐकून माघारी वळंल ना तो."

"पलीकडे कोनी..." पुढचे शब्द त्यांनी गिळले.

"कोनी काय? मानूस रुसलं, म्हनून नेम मोडंल काय उत्तमराव?"

ते नाव आपल्याच तोंडून ऐकून बापूजी दचकले. विठ्ठलराव खाली मान घालून दोर गुंडाळू लागले. तो नीट गुंडाळला जात नव्हता.

नुसते पाणी वाजत होते. बापूजींचे ओठ आपोआप हलू लागले, तसा त्यांनी उपरण्याचा बोळा करून दातांत धरला. आता आवाज यायला हवा होता. आला नाही. रेणुकाबाईंची बोटे दंडात रुतत गेली. बापूजींनी डोळे मिटले, पण बोळा काढला नाही.

मग पावसातून एक आवाज आला. बारीक, सरावाचा नसलेला, पट्टी फार वर लागलेली. बाईचा आवाज.

"इकडे तीर, इकडे हरी."

तो फाटला, सावरला, पुन्हा आला.

"मथुराबाई," रेणुकाबाई म्हणाल्या. त्यांची पकड सुटली.

बापूजींनी बोळा काढला. "मथुराबाई काऊन गाते? उत्तमराव कुठी हाय?"



"चैतातच गेले ते," रेणुकाबाई म्हणाल्या. "तीन दिसांचा ताप झाला."

"आन मले कोनी..."

"तुमीच म्हनलं होतं ना, पलीकडचं अक्षर काढायचं नाही."

बापूजी ओल्या पायरीवर बसले. आवाज चालूच होता. बराच वेळ चालला. पाऊस जरा उणावला, तेव्हा पलीकडून भागाबाईची खणखणीत आरोळी आली, "माहा इळा गेला वोऽ, नवा इळा!" आणि मागोमाग उद्धवचे हसणे. घाटावरचे सगळे एकदम ओरडू लागले. रेणुकाबाईंनी पदरात तोंड घातले. बापूजी मात्र उठले नाहीत.

पूर उतरल्यावर पहिल्या नावेने ते पलीकडे निघाले. उद्धवला आणायला जातो, म्हणाले. उद्धव तर आदल्याच दिवशी, पाणी उतरताच, पोहून घरी आला होता. नाववाल्याने नाव लोटली.

मथुराबाईंनी त्यांना ओसरीवर घोंगडी टाकून दिली. 

"तापात होते, तरी तीन दिवस माह्याकडून तेवढी एकच ओळ घोटून घेतली," मथुराबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, आता बापूजी कायचे गातात अन् कायचे थांबतात, एवढ्या भांडनावर? तर म्हने, तू फक्त कान देऊन बस. बापूजी थांबंल. तो थांबला की उचल."

तर मंडळी, कधी भजनाला बसलात, तर गजर झाल्यावर, उठायच्या आधी, या उत्तमरावांची एवढी आठवण ठेवा.