मधात काय झालं

"पोरायले सुरुवात सांगा, शेवट सांगा. मधलं इचारू नका, बाई."

मी अकोल्याच्या शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात मैनाबाईंनी मला हे बजावलं होतं. मैनाबाई आमच्या मोठ्या बाई. मी अमरावतीच्या कॉलेजातून बी. ए. झालेली, तिथल्या वादसभेत बोललेली. मी हसून विचारलं, काहून? "मधात घर असते," त्या म्हणाल्या आणि अडकित्त्यानं सुपारी कातरायला लागल्या. मला वाटलं, जुन्या वळणाच्या बाई, पाढे आणि कविता घोकून घेण्यापलीकडे यांची उडी नाही.

शाळा मोर्णेच्या काठी, माळ्यांच्या वाड्यांना लागून. दोन खोल्या, मुलं-मुली एकत्र. हे अमरावतीला कचेरीत होते आणि जमलं तर शनिवारी यायचे. तिकडे क्वार्टर मिळेपर्यंत मी नि माझी तान्ही लेक, दोघीच. तिची झोळी मी वर्गातच आढ्याला बांधत असे. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की झोळीशी जायचं, नाकाशी बोट धरायचं, श्वास बोटाला लागला की परत फळ्याकडे. मुलांना याची इतकी सवय झाली की पंजाब नावाचा पोरगा आपणच उठून बघून यायचा आणि सांगायचा, "चालू आहे, बाई. लिवा तुमी."

एके दिवशी मी फळ्याच्या अगदी वर लिहिलं, 'सकाळी आई वाडीत गेली.' अगदी खाली लिहिलं, 'दिवे लागले तेव्हा आई घरी आली.' मधला फळा कोरा ठेवला आणि म्हटलं, मधलं तुम्ही लिहा.

सगळ्या पाट्यांवर एकच वाक्य आलं, 'मग ती घरी आली.' फक्त पंजाबच्या पाटीवर वाघ होता. अकोल्यात वाघ कुठून आला, असं विचारलं तर म्हणाला, सेमाडोहच्या जंगलातून. एवढ्या लांबून चालत? नाही, परतवाड्यापर्यंत चालत, मग मोटारीत. वाघानं आईला खाल्लं होतं, पण खाली मी तिला घरी आणून ठेवलेली, म्हणून पंजाबनं वाघाला बदडून ती पुन्हा बाहेर काढली होती. मी आठवडाभर वाघाला शाळाबंदी केली.

मला कळेना, घरी एवढ्या गोष्टी ऐकणारी ही मुलं मधेच मुकी का होतात. मग लक्षात आलं. घरी गोष्ट सांगताना कोणीतरी हुंकारा देत असतं. 'हूं' आलं तर गोष्ट पुढे, नाही आलं तर सांगणारा थांबतो. पाटी कुठे हूं म्हणते? म्हणून फळ्यावरच्या त्या दोन ओळी तशाच ठेवून मी रीत बदलली. एकानं फळ्याशी उभं राहून सांगायचं, बाकीच्यांनी हुंकारा द्यायचा, कोणी अडलं की मी विचारायचं, तेव्हा तिच्या हातात काय होतं? आणि सांगून झालं की जे सांगितलं तेच पाटीवर लिहायचं.

मधलं यायला लागलं. ओल्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आल्या, मोटेचा बैल उलट्या पावली यायला नाही म्हणाला, आईच्या बोटात काटा मोडला तो सुईनं काढला. मला फार आनंद झाला. तो सांगायला घरी कोणी नव्हतं, तेव्हा लेकीलाच सांगितलं.

शकुन सात-आठ वर्षांची. तिच्या बापाची, नत्थुजींची वाडी शाळेच्या मागेच होती. सगळ्यांच्या आधी हूं म्हणायची, पण स्वतः कधी सांगायला उठायची नाही. एकदा मीच तिला उठवलं.

"आई वाडीत गेली," ती म्हणाली. "मधात ती विहिरीच्या काठावर बसते."

"हूं," पोरं म्हणाली.

"बाळ रडते."

"हूं."

"ती उठत नाही. ती आत पायते."

कोणी हूं म्हणालं नाही. पंजाबसुद्धा नाही. शकुन थांबली.

"हूं," मी म्हटलं.

"मंग मी पाय आपटत आपटत जातो. मंग ती माह्याकडं पायते. मंग मी बाळाले तिच्या मांडीत ठेवतो अन् शाळेत येतो." ती फळ्याच्या खालच्या ओळीकडे बघत राहिली. "बाई, आई घरी आली, हे तुमी आंधीच लिवून ठेवलं. खरं हाय ना ते?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

शाळा सुटल्यावर मैनाबाईंना सांगितलं. वाटलं, टोमणा मारतील. त्यांनी सुपारीची डबी मिटली. "आयकलं ना? आता जा लागते," एवढंच म्हणाल्या.

लेकीला कडेवर घेऊन गेले. शेवंतीच्या ओळींपलीकडे विहीर, आणि काठावर शकुनची आई, रुख्मिणी. माझ्याच वयाची. नत्थुजी मोट थांबवून जवळ आले. बाळंतपणापासून ही अशीच आहे, म्हणाले, बोलत नाही, कामाला हात लावत नाही, बाळापूरला एका बुवाकडे नेऊन आणली, उतारा केला, फरक नाही. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. बोलून तो पुन्हा बैलांकडे गेला.

मी तिच्याजवळ बसले. काय विचारावं सुचेना, म्हणून आपलंच सांगत सुटले. सकाळी दूध उतू गेलं, कारण मी लेकीचा श्वास बघायला गेले होते. चूल विझली, पुन्हा पेटवली, तेवढ्यात पुन्हा बघून आले. उठल्यापासून शाळेत येईपर्यंत माणसाशी एक शब्द बोलले नव्हते. इथे मी थांबले.

"हूं," रुख्मिणी म्हणाली. नजर विहिरीतच होती.

किती दिवसांनी मला कोणी हुंकारा दिला होता. मी पुढचं सांगितलं.

मग रोज शाळा सुटल्यावर जायला लागले. मी सांगायची, ती हूं म्हणायची. हळूहळू ती विहिरीऐवजी माझ्याकडे बघून हूं म्हणायला लागली. आणि एकदा, मी काही विचारलं नसताना, म्हणाली, "मले मराचं नाही, बाई. पन एकटी असली का पानी बलावते. पोरगी पाय आपटते, ते आयकू येते म्हनून मी उठतो."

मी नत्थुजींना बाजूला घेऊन तेच शब्द सांगितले. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठावर बाभळीच्या काट्या रचलेल्या होत्या, फक्त मोटेपुरती जागा मोकळी. रुख्मिणीला त्यांनी फुलं ओवायला पडवीत बसवलं होतं. ती ओवत होती, पण सैल.

वर्गात शकुनची जागा मात्र रिकामी राहायला लागली. मी नत्थुजींना म्हटलं, पोरीला शाळेत पाठवा. ते म्हणाले, "मंग तिच्याजवळ कोन बसन?" याला माझ्याकडे उत्तर होतं ते शाळा सुटल्यानंतरचं. दिवसाचं नव्हतं.

आणि मग क्वार्टर मिळालं. मी यांना म्हटलं, आणखी थोडे महिने राहू द्या मला तिथे. हे म्हणाले, परक्या बाईसाठी? मी सगळं सांगायला घेतलं. हे वर्तमानपत्र वाचत ऐकत होते. मधेच मी थांबून पाहिलं, यांनी पुढे काय म्हणून विचारलं नाही. सामान बांधलं.

काही दिवस मैनाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी वाडीत जात राहिल्या. चैत्रात त्यांची नोकरी संपली, त्या भावाकडे परतवाड्याला गेल्या. आता वाडीत जाऊन बघेल असं तिकडे माझ्या ओळखीचं कोणी नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल जातं. काट्या वाळतात, कोणी सरपणाला ओढून नेतं. दुपारी लेक निजली की मी तिच्या नाकाशी बोट धरते, श्वास लागतो, आणि मी त्या काट्यांचा विचार करत बसते. इथे शेजार आहे, नळ आहे, बोलायला कोणी नाही.

तुम्ही अकोल्याला जात असाल तर एवढं करा. मोर्णेकाठच्या शाळेमागे नत्थुजी माळ्याची वाडी विचारा, कोणीही दाखवेल. काट्या जागेवर आहेत का बघा. रुख्मिणीजवळ बसा. बरं वाटतं का, असं विचारू नका. आपलं सकाळचं काही सांगा, साधंच, आणि ती बोलली तर हूं म्हणा. शकुन तिथे असेल, तिला म्हणा, बाईंनी शाळेत बोलावलंय, तू जा, मी आहे इथे. आणि घाई नसेल तर दिवे लागेपर्यंत थांबा. आई घरी आली का, ते डोळ्यांनी बघून मला कळवा. तसं मी फळ्यावर लिहून ठेवलंय.