टाळ्यांच्या जागी गादीवाला

मी गाणं नाही, बरं का. गाण्याला एक गायक असतो, एक नाव असतं. मी मिक्स आहे. बरीच गाणी एकमेकांचा हात धरून चालत निघतात, मध्ये कुठे सांधा कळत नाही, त्या अख्ख्या चालण्याला मिक्स म्हणतात. माझी लांबी तासाभराहून थोडी जास्त, वजन शून्य. एवढं असूनही मला ठेवायला जागा शोधताना एका भावाबहिणीच्या नाकी नऊ आले.

माझा जन्म एका रविवारी दुपारी, स्केटिंगच्या रिंकवर झाला. वर पत्र्याचं उंच छत, खाली चाकांनी घासून घासून गुळगुळीत झालेली लाकडी जमीन, भोवती लोखंडी कठडा. कठड्याला जिथे लोक धडकायचे तिथला रंग उडालेला. दाराशी चाकांचे बूट भाड्याने देणाऱ्या मावशींचा काउंटर. त्या बूट हातात देतानाच ओरडायच्या, "नाडी घट्ट बांध रे, नाहीतर उद्या दात बांधत बसशील!"

आणि समोरच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी मला घडवणारी. तिला सगळे बटण म्हणतात. लहानपणी रिंकवर आली की ही दिसेल ते बटण दाबायची. एकदा तिने सगळ्या रिंकचे दिवे घालवले आणि मावशींनी तिचं बारसं करून टाकलं. आता ती कॉलेज संपवून चष्म्याच्या दुकानात काम करते, लोकांना डोळ्यांचे नंबर समजावून सांगते, पण रिंकवर ती अजून बटणच. दर रविवारी दुपारी गाणी लावायची ती. मध्येच माइकवर सांगायची, "आता सगळे उलट फिरा!" की अख्खी रिंक हसत, ठेचकाळत दिशा बदलायची.

तो रविवार शेवटचा होता. मालकांनी जागा विकली होती आणि तिथे मालाचं गोदाम होणार होतं. मावशी तर आठवडाभरात लेकीकडे, दुसऱ्या गावी राहायला निघाल्या होत्या. म्हणून बटणने ठरवलं, ही दुपार पूर्ण रेकॉर्ड करायची. तसा मी जन्माला आलो. घोषणांचा माइक ती चुकून चालूच ठेवून बसली, म्हणून माझ्यात गाण्यांच्या खाली चाकांची घरघर आहे, कुणाचं धपकन पडणं आहे, त्यावरचं हसणंही आहे.

तिच्यासमोर दोन ताटल्यांचं यंत्र असायचं. एका ताटलीवरचं गाणं सगळे ऐकत असतात. दुसरीवरचं पुढचं गाणं फक्त तिच्या हेडफोनमध्ये वाजत असतं. दोघांचा ठेका जुळला की हळूच दुसरं आत घ्यायचं आणि पहिलं थांबवायचं. हे ती झोपेतसुद्धा करील. त्या दुपारी मात्र डोळे भरलेले होते, दोन्ही गाणी कानात एक झाली होती, आणि दुसरं आत घेण्याआधीच तिने पहिली ताटली थांबवली. सगळे ऐकत होते तीच.

मी गप्प झालो. भर रंगात आलेला मी, एकदम मुका.

छताखाली फक्त चाकं घरघरत राहिली. बटणचा हात हवेतच थांबला. इतक्यात दाराकडून आवाज आला, ठक... ठक... ठक. मावशींनी बुटांचा एक जोड हातात घेऊन तळव्यावर तळवा आपटायला सुरुवात केली होती, गेलेल्या गाण्याच्याच ठेक्यावर. मग कठड्याजवळच्या कुणीतरी टाळी धरली आणि बघता बघता सगळी रिंक फिरता फिरता टाळ्या वाजवू लागली. बटणने नाक ओढलं, हेडफोन सरळ केला आणि पुढचं गाणं अलगद त्या टाळ्यांवर आणून ठेवलं.

मला विचाराल तर माझ्यातला सगळ्यात सुंदर सांधा तोच. पण बटणला विचाराल तर...

"शेवटच्या दिवशी माती खाल्ली मी," दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती दादाला म्हणाली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. एका ऑफिसात लोकांचे अडकलेले कॉम्प्युटर सोडवणं हे त्याचं काम, आणि घरी आल्यावर बहिणीला सोडवणं हे त्याचं नशीब. "तो तुकडा कापून टाकते. कुणाला कळणारही नाही."

"काप, नाहीतर लोणचं घाल. पण मावशींना पाठवणार कशी? त्यांनी मागितलाय ना?"

मागितला होता. मावशी रिंकवरून जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "ती दुपार मला पाठव गं. तिकडे मला कोण ओळखतंय?" बटणने शब्द दिला होता आणि तिला सगळं आत्ताच हवं असतं. तिने मला फोनवरून पाठवायचा प्रयत्न केला. मी दारात अडकलो, इतका मी मोठा. म्हणजे मला इंटरनेटवर कुठेतरी ठेवायचं आणि मावशींना पत्ता द्यायचा. कापायचं काम तिने घाईघाईत पुढे ढकललं.

पहिली जागा होती ती सगळ्या जगाची व्हिडिओ बघायची. तिथे आवाजाला चेहरा लागतो म्हणून बटणने मावशींच्या काउंटरचा फोटो लावला. मी चढलो न चढलो तोच तिथल्या यंत्राने मला कान लावला. ही गाणी अमक्यातमक्यांची आहेत, राहू देतो, पण मध्ये मध्ये जाहिराती दाखवणार, असा निकाल आला.

"दाखवू देत," बटण म्हणाली. "मावशींना पोचलं म्हणजे झालं."

दोन दिवसांनी मावशींचा फोन आला.

"अगं बटण, ऐकलं गं सगळं! फरशी पुसता पुसता ऐकलं. पण एक सांग, आपल्या टाळ्या कुठे गेल्या?"

"टाळ्या?" बटणचा चेहरा उतरला. "आहेत की, मावशी. मी कापल्या नाहीत अजून."

"नाही गं. गाणं बंद पडतं, मी म्हटलं आता माझे बूट वाजतील, तर तिथे एक माणूस येतो. गादी विकायला. पाठ दुखते का म्हणून मलाच विचारतो! दुखते बाबा, पण तुला कशाला सांगू?"

फोन ठेवल्यावर बटणने मला लावलं. खरंच होतं. मी गप्प झालो आणि गादीवाला हजर! तो बोलून गेला तोवर गेलेल्या गाण्याचा ठेका विसरून गेला होता. बुटांची ठकठक आणि टाळ्या आता जणू गादीवाल्यालाच पडत होत्या.

"यांना दुसरी जागा नव्हती?" ती ओरडली.

"यंत्र शांत जागा शोधतं गं," दादा म्हणाला. "भर गाण्यात तोडलं तर लोक चिडतात."

"मग मी काय आत्ता नाचतेय?"

"पण तू तर तो तुकडा कापून टाकणार होतीस ना?"

बटण गप्प. माझ्यासारखीच, भर रंगात. मग म्हणाली, "होते. आता त्याला हात लावलास तर बघ."

त्या क्षणी माझा पुनर्जन्म झाला म्हणा ना.

मग सुरू झाली जागांची शोधाशोध. दादाने आधी एक युक्ती काढली. मला थोडं वेगात पळवायचं, आवाज किंचित चढवायचा, की यंत्र ओळखत नाही आणि जाहिरातीही लागत नाहीत. पळवलं मला. गायक नाकात बोलू लागले, आणि मावशींच्या बुटांचा आवाज चिमणीने दाणे टिपावेत तसा झाला. बटणने अर्ध्यातच बंद केलं.

"हे आपण नाही, दादा. आणि चोरासारखा वेष बदलून का राहायचं? ज्यांची गाणी आहेत, त्यांना त्यांचं मिळायलाच हवं. मला फक्त गादीवाला नकोय."

दुसरी जागा केवळ आवाजांची होती. तिथल्या फुकटच्या खोलीत मी मावत नव्हतो. दोन तुकडे करा म्हणाले. दादा म्हणाला, "करूया की, पहिला आणि दुसरा." बटणने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चहा गार होईपर्यंत विषय काढला नाही.

मग तिला वाटलं, स्वतःचंच एक पान उघडावं. आपलं घर, आपली किल्ली! ती पानाचा रंगसुद्धा ठरवू लागली. दादाने शांतपणे सांगितलं, "घर आपलं झालं म्हणून गाणी आपली होत नाहीत, बये." ती दिवसभर फुरंगटली, पण ते तिला पटलं होतं. तिचीच भाषा होती ती.

शेवटी सापडली ती माझ्यासारख्यांसाठीच केलेली जागा. तिथे मिक्स अख्खा ठेवतात आणि आत कोणाकोणाची गाणी आहेत ते विचारून त्यांचा वाटा त्यांना पोचवतात. मध्ये कुणी काही विकायला येत नाही. अडचण एकच होती, ऐकणाऱ्याला हवं तेव्हा मागे जाता येत नाही. एकदा निघालं की निघालं. बटण पुन्हा अडली. मावशींना टाळ्या परत परत ऐकायच्या असतील तर? शेवटी तिने त्यांनाच फोन लावला.

"मावशी, इथे मागे जाता येत नाही हो. चालेल तुम्हाला?"

"रिंकवर तरी कुठे जाता यायचं?" मावशी हसल्या. "तू माइकवर सांगितल्याशिवाय उलट फिरायची कुणाची टाप होती का?"

"पण टाळ्या पुन्हा ऐकाव्याशा वाटल्या तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून लावेन. मला कुठे गाडी गाठायचीय?"

झालं. मी तिथे राहायला आलो, अख्खा, माझ्या स्वतःच्या वेगात. प्रत्येक गाण्याशेजारी बटणने गाणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची नावं घातली. गप्प झालेल्या जागेवर मात्र कुणाचाच दावा निघाला नाही. तिथे तिने लिहिलं, 'बूट: मावशी. टाळ्या: आपण सगळे.'

इथे माझ्याकडे फार गर्दी नसते. किती जण येऊन गेले हा आकडा दादा मोजतो. बटण बघत नाही, निदान तसं ती सांगते. पण जे येतात ते थांबतात. एकाने खाली लिहिलंय, 'कठड्याजवळ धपकन पडलो तो मीच.' मावशी भाजी चिरताना मला लावतात. माझी शांत जागा आली की सुरी खाली ठेवतात आणि ओल्या हातांनी टाळी धरतात. आता त्यांची लेकही धरते म्हणे. रिंकवर पोत्यांच्या थप्प्या लागल्या आहेत, हे मला माहीत आहे. पण माझ्यात अजून चाकं फिरतात.

तुम्हीही कधी या. आलात तर एवढंच करा. भर रंगात मी अचानक गप्प होईन, तेव्हा फोन बिघडला असं समजू नका आणि घाईघाईने कुठलंही बटण दाबू नका. जरा थांबा. आधी मावशींचे बूट वाजतील. मग तुमची पाळी.