सिंधरोटच्या वाळूवरची दोन अंडी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. फिल्मचा रोल घालून चालवायचा, त्या काळचा. बडोद्यात गोत्रीच्या एका सोसायटीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझा मुक्काम आहे. भिंगावर बुरशी चढली आहे. आयुष्यात मी हजारो फोटो काढले. त्यांतल्या ज्या फोटोची सर्वांत जास्त वाहवा झाली, त्याची मला आजही शिसारी येते. तीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. १९९३ साली, परदेशी वस्तू दुकानांत सरळ मिळू लागल्या तेव्हा, मी रावपुऱ्यातल्या एका दुकानाच्या काचेमागे येऊन बसलो. गोरव्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेल्या जनार्दनने दोन वर्षे पैसे साठवून मला विकत घेतले. त्याची बायको मोहना शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. न्हाणीघराच्या झरोक्याला काळा कागद लावून ती माझे रोल स्वतः धुवायची.

सुरुवातीची वर्षे फार चांगली गेली. जनार्दन तळ्याकाठी हिरवी चादर पांघरून तासन्‌तास पडून राहायचा. एकदा खंड्याने आमच्यापासून चार हातांवर बसून मासा गिळला आणि आम्ही तिथे आहोत हे त्याला कळलेही नाही. ते माझे स्वच्छ काम होते.

मग जनार्दन शहरातल्या एका छायाचित्र मंडळाचा सभासद झाला. तिथे दरवर्षी स्पर्धा असे आणि बक्षिसे मिळत ती उडत्या थव्यांना, चोच उघडलेल्या पिल्लांना. हळूहळू त्याची चादर घरीच राहू लागली. थवा उडावा म्हणून तो पाण्यात दगड मारू लागला. घरटे नीट दिसावे म्हणून फांद्या छाटू लागला. लोकांनी फोटोंना टाळ्या वाजवल्या. मला मात्र स्वतःच्या आवाजाचीही किळस येऊ लागली. पक्षी घाबरला की लगेच माझी ‘खटक’ व्हायची.

१९९७ चा एप्रिल होता. सिंधरोटजवळ महीच्या पात्रात वाळूवर नदी सुरय नावाच्या पक्ष्याने दोन अंडी घातली होती. पिवळीधमक चोच, काळे डोके, लांब दुभंगलेली शेपटी. वाळूत खळगा करून अंडी ठेवलेली, शेजारी सुक्या गवताचा एक झुपका आणि वाहून आलेली एक काठी, एवढेच त्यांचे घर. ऊन चढले की मादी पाण्यावर जायची, पोटाची पिसे भिजवायची आणि परत येऊन अंड्यांवर बसायची. त्या ओलाव्याने अंडी थंड राहत. पोटाखालून पाणी ठिबकताना ती उतरते, तो क्षण जनार्दनला हवा होता.

त्याने मला तिकाटण्यावर चढवून अंड्यांपासून आठ फुटांवर उभे केले. आडोसा केला नाही. फोटोत मध्ये येतो म्हणून गवताचा झुपका उपटला, काठी लांब फेकली. तेव्हा नऊ वाजले होते.

मादी आली नाही. कशी येणार? ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. दहा वाजले, अकरा वाजले. माझे धातूचे अंग हात लावू नये इतके तापले. समोर ती दोन अंडी उघड्या वाळूवर पडली होती.

पलीकडे पात्रात खरबुजांची वाडी करणारा बापू नावाचा म्हातारा गुजराती शेतकरी बराच वेळ हे पाहत होता. तो जवळ आला. "साहेब, हवे ऊठो. ईंडां बफाई जशे," तो म्हणाला. आता उठा, अंडी उकडून जातील, एवढेच त्याचे सांगणे होते.

जनार्दनने त्याला पाच मिनिटे थांबायला सांगितले. ती पाच मिनिटे दीड वाजेपर्यंत चालली.

शेवटी मादीला राहवले नाही. ती अंड्यांच्या वर आली, पंख पसरून तिथेच फडफडत राहिली. चोच उघडी, डोळे ताणलेले. पोट कोरडेच होते. जनार्दनने बोट दाबले. तिच्या डोळ्यांतली भीती सर्वांत आधी मी पाहिली, आणि ती फिल्मवर उतरवलीही मीच.

मोहनाने रोल धुतला आणि ओल्या निगेटिव्हकडे पाहत राहिली. पहिल्या फोटोत गवत होते, नंतरच्यांत नव्हते. अंड्यांची सावली आधी लांब होती, मग ती अंड्यांखाली शिरली, मग दुसऱ्या बाजूने डोकावू लागली.

"किती वेळ बसला होतात तुम्ही?" तिने विचारले.

"तासभर असेल."

तो फोटो मोठा करून द्यायला मोहनाने नकार दिला. जनार्दनने तो बाहेरच्या स्टुडिओतून करून घेतला आणि त्याला नाव दिले ‘आईची माया’.

मे महिन्याच्या शेवटी त्याला पहिले बक्षीस मिळाले. मला गळ्यात अडकवून तो व्यासपीठावर उभा राहिला आणि पक्ष्याचा विश्वास कसा मिळवला ते रंगवून सांगू लागला. लोक माना डोलवत होते. मला ओकारी येत असती तर तिथेच आली असती.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून मोहनाने विचारले, "आणि पिल्लं कधी बाहेर आली?"

"आठ दिवसांनी," जनार्दन म्हणाला. अंडी होती त्या जागी तो पुन्हा गेलाच नव्हता, हे तिला ठाऊक होते.

पुढच्या रविवारी तिने त्याला स्कूटर काढायला लावली. सिंधरोटला बापू शेवटची खरबुजे टोपलीत भरत होता. मोहनाने त्याला अंड्यांचे काय झाले ते विचारले. त्याने सांगितले की मादी त्याच दुपारी परत येऊन अंड्यांवर बसली. तीन आठवड्यांत पिल्ले निघायला हवी होती. ती दीड महिना बसली. रोज पोट भिजवून यायची, अंडी उलटीसुलटी करायची. चार दिवसांपूर्वी कुत्र्याने अंडी फोडली, तेव्हा आतून फक्त घाण वास आला.

"ए तो बेठी ज रही, बेन," बापू म्हणाला. ती आपली बसूनच राहिली.

जनार्दन त्या रिकाम्या खळग्यापाशी जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सगळे खरे लिहून त्याने बक्षिसाची ढाल परत नेली. मंडळाचे अध्यक्ष सुभानराव हसले. "अहो, सगळेच असं करतात. एवढं मनाला लावून घेऊ नका," असे म्हणून त्यांनी पत्र खणात टाकले. ते पत्र पुन्हा कुणी पाहिले नाही. पुढच्या वर्षी एका कंपनीने तोच फोटो दिनदर्शिकेवर छापला. वर्षभर घराघरांत त्या भेदरलेल्या पक्ष्याखाली लोकांनी दुधाचे खाडे लिहिले.

जनार्दनने मला कपाटात टाकले. त्याचाही मला राग आला. मला कोंडून त्याची चूक थोडीच धुतली जाणार होती? पण दर एप्रिलला तो रिकाम्या हाताने सिंधरोटला जाऊ लागला. अंडी दिसली की तो आणि बापू लांबवर काठ्या रोवून चिंध्या बांधत, म्हणजे गुरे आणि माणसे तिकडे जात नसत. तिसऱ्या वर्षी मोहना मला सोबत घेऊन गेली. तिने पार वाडीच्या बांधावरून एकच फोटो काढला. त्यात मादी तांदळाच्या दाण्याएवढी दिसते आणि शांत बसलेली आहे. तो माझा शेवटचा फोटो.

मित्रांनो, आता तुमच्या हाती माझ्याहून कितीतरी चलाख कॅमेरे येतील. त्यांना आमच्यासारखेच हातपाय नाहीत, ते तुम्हाला मागे ओढू शकत नाहीत. म्हणून तुम्हीच पाहा. पक्षी ओरडू लागला, जागा सोडून उडाला, तर समजा की तुम्ही फार जवळ आलात. त्या वेळी कॅमेरा खाली करा आणि मुकाट मागे फिरा. रोल कोरा राहिला म्हणून कुठलाही कॅमेरा तुमच्यावर रुसणार नाही.