पाच मिनिटं आधीचा टोल

यशवंत बनसोडेच्या टोलावर अर्धी पेठ घड्याळं लावायची. फुशारकी वाटत असेल तर कॉलेजसमोरच्या चहावाल्याला विचारा. "गिरणीचा भोंगा एक वेळ चुकंल, पण यशवंताचा टोल? छ्या!" असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. चौदा वर्षं यशवंत त्या कॉलेजात शिपाई होता. ऑफिसच्या व्हरांड्यात पितळेची जाड थाळी टांगलेली, शेजारी खुंटीला लाकडी हातोडा. त्या हातोड्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. तास बदलला की दोन टोल, पेपर संपला की एकच लांब घणघणाट.

आता अशा काटेकोर माणसाच्या हातून त्र्याहत्तर सालच्या सहामाहीत काय घडलं ते ऐका.

त्याची थोरली विशाखा तेव्हा दहावीत. मॅट्रिक अजून अकरावीला असायची, म्हणजे पोरीला मॅट्रिकलाही वर्ष बाकी. ती गणितात हुशार आहे एवढं यशवंतला ठाऊक होतं. किती हुशार, ते कळलं रद्दीमुळं. परीक्षा झाल्या की उरलेल्या प्रश्नपत्रिका रद्दीत जायच्या. त्यांची मागची बाजू कोरी, म्हणून यशवंत साहेबांना विचारून दोन-चार गठ्ठे घरी न्यायचा, पोरांना कच्चं काम करायला. विशाखानं मागची बाजू भरून काढली आणि मग पुढची सोडवायला घेतली. पुढं छापलेलं होतं बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं गणित! नडलं तिथं तिनं बापाकरवी कॉलेजातलं एक फाटकं पुस्तक मागवलं आणि वर्षभर त्याच्यात डोकं घालून बसली.

एक दिवस यशवंतनं ते कागद भीतभीत गणिताच्या हत्तुरे सरांपुढं ठेवले. "सर, पोरीनं कायतरी गिरगटलंय. बरोबर हाय का तेवढं बघा की."

सर उभ्या उभ्या वाचायला लागले. यशवंत जाऊन पुढच्या तासाचे टोल देऊन आला तरी वाचतच होते.

"कुणी शिकवलं हिला?"

"कुणी न्हाय, सर. रद्दी हाय ती."

मग सरांनी तिला बोलावून फळ्यापुढं उभं केलं, तासभर उलटंसुलटं विचारलं, आणि तडक प्राचार्यांकडं गेले. प्राचार्य आधी नाही नाही म्हणाले, नियम आहेत म्हणाले. हत्तुरे सर हटून बसले. शेवटी ठरलं असं, की कॉलेजचा गणिताचा वर्ग सकाळी साडेसातला, शाळा अकराला, तर पोरीनं सकाळी येऊन मागच्या बाकावर बसावं. पण सहामाहीला कॉलेजच्या पोरांबरोबर तोच पेपर द्यायचा. साठ मार्क पडले तर पुढं, एक जरी कमी पडला तरी त्याच दिवशी बंद.

बंद म्हणजे बंद. पुन्हा दार उघडणार नव्हतं.

निळा स्कर्ट, लाल रिबिनींच्या दोन वेण्या, अशी विशाखा त्या मिशा फुटलेल्या पोरांच्या मागं बसायला लागली. पहिले आठ दिवस पोरं खिदळली. गणपती बसेपर्यंत तीच पोरं "विशाखा, हे कसं गं?" करत तिच्या बाकाभोवती गोळा व्हायची. केसरबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, गल्लीत कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही. "आमची विशी शाळंच्या आदी कॉलेजात जाती," असं ती नळावर घागर लावता लावता सांगायची. यशवंत वरवर दटावायचा, पण ऐकायला त्याला लई गोड वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र माशी शिंकली. हेडक्लार्क ईरप्पा पान जुळवत चारचौघांत म्हणाला, "काय यशवंता, पेपर पोरीचा आणि टोल बापाच्या हातात! दोन मिनिटं इकडं तिकडं झाली तर कुणाला कळायचंय?"

सगळे हसले. ईरप्पा वाईट नव्हता, तोंडाचा फाटका होता इतकंच. पण यशवंतच्या काळजात ते रुतलं. मातीच्या घरातनं निघून त्यानं इथवर नाव कमावलं होतं ते एका टोलाच्या जिवावर. त्याच्यावर बोट दाखवायला लोक टपलेलेच असतात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. घरी आल्यावर भाकरी मोडता मोडता तो दहा वेळा तेच बोलला. विशाखा समोर बसून ऐकत होती.

पेपर आठ ते अकरा. साडेदहापासून यशवंत हातोडा घेऊन घड्याळाखाली उभा. काटा हलायला तयार नाही. उशीर झाला तर? अर्धं मिनिट जरी झाला तर ईरप्पा काय म्हणेल? पोरीच्या पेपराला काय म्हणतील? पोरीसाठी केलं म्हणतील! पाच कमी अकराला त्याचा हात आपसूक वर गेला आणि घणघणाट झाला.

वर्गात एकच गिल्ला. "ओ मामा, अजून पाच मिनिटं हायत की!" हत्तुरे सर मनगटावरचं घड्याळ बघत बाहेर आले. "यशवंत, अरे, काय केलंस?"

यशवंतनं घड्याळाकडं पाहिलं आणि हातोडा खुंटीला अडकवला. "चुकलं सर. माझं चुकलं."

सरांनी गोळा झालेले पेपर परत वाटायला घेतले. दाराजवळच्या मागच्या बाकाचा पेपर पहिलाच उचलला गेला होता. सरांनी तो पुढं केला, आणि यशवंतनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, विशाखानं मान हलवली. "नको, सर." दप्तर उचलून ती शाळेला निघून गेली. बापाकडं पाहिलंही नाही.

झालं! पोरगी रुसली. बापाच्या चुकीच्या रागानं परत मिळणारा पेपरही सोडून गेली. अर्धवट गणित तसंच राहिलं असणार. यशवंतला दुसरं काही सुचेना.

केसरबाईला कळलं तेव्हा तिनं त्याला सोडलं नाही. "लोकाच्या तोंडाला भिऊन पोटच्या पोरीचा घास काढलात की तुमी! तो ईरप्पा काय तुमाला जेवाय घालतो व्हय?" आठ दिवस यशवंतला अन्न गोड लागलं नाही. पोरीला विचारायची हिंमतही होईना, आणि ती आपली पुस्तकात.

नवव्या दिवशी हत्तुरे सरांनी निकालाचा कागद त्याच्याच हातात दिला, फळ्यावर लावायला. यशवंतनं टाचण्या तोंडात धरल्या आणि कागद लावता लावता खालून वाचायला सुरुवात केली. विशाखाला वर्गाच्या हजेरीत नंबर नव्हता, म्हणून तिचं नाव सगळ्यांच्या खाली, रेघ ओढून वेगळं. विशाखा यशवंत बनसोडे. एक्क्याण्णव.

त्यानं वरची सगळी यादी बोट फिरवून पाहिली. पहिला आलेल्या पोराला चौऱ्याऐंशी होते. त्यानं पुन्हा पाहिली. टाचण्या तोंडातून खाली पडल्या त्या त्याला कळल्याच नाहीत.

संध्याकाळी त्यानं विचारलं, "विशे, मग तवा पेपर परत का घेतला न्हाईस गं?"

"झाला होता की, आबा. पावणेअकरालाच."

"पावणेअकराला? येवडी घाई कशाला?"

विशाखा हसायला लागली. "तुमी आदल्या राती घोकत होता न्हवं? तवाच मी ठरवलं. आबा उशिरा टोल द्यायचे न्हाईत, आन् भीतीच्या पोटी वेळेवर बी द्यायचे न्हाईत. आदीच देतील. मावशीच्या लग्नाला मंद्रूपची यष्टी धरायची तर तुमी आमाला दोन तास आदी स्टँडवर नेऊन बसवलंत. म्हनून मी पेपर पंधरा मिनिटं कमी धरूनच सोडवला."

केसरबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. यशवंतही हसला, आणि हसता हसता रडला. आपल्या बापाची अब्रू आणि बापाची भीती, दोन्ही धरून पोरीनं हिशेब मांडला होता. त्याच्या जन्मात त्याला इतकं कुणी ओळखलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला विशाखा कॉलेजच्या फाटकातून आत आली. यशवंतनं हातोडा उचलला. एक टोल, दोन टोल, आणि तिसरा. प्राचार्य खिडकीतून डोकावले.

"काय यशवंत, गणितवालीचा बाप आणि दोनापर्यंत मोजता येईना?"

यशवंत टोपी सारखी करून ताठ उभा राहिला.

"व्हय साहेब. मोजायचं काम आता ती करती."