पडवळाला बांधायचे दगड

पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला दोऱ्यानं दगड बांधतात. मालोजीच्या आईनं, सावित्रीबाईनं, ज्येष्ठातच पवनेच्या काठावरून बेताचे दगड वेचून आणले आणि दोरे बांधून डब्यात ठेवले. पिंपरीच्या चाळीमागचा एवढासा तुकडा मालोजीनं खणायचा तेवढा राहिला होता. पण कारणांना काय तोटा? कधी कंपनीत ओव्हरटाइम, कधी नुसताच कंटाळा. ‘या रविवारी नक्की’ म्हणता म्हणता आषाढ सरला आणि बी पडलं ते श्रावणाच्या शेवटी.

वेल मांडवाला लागला तोवर दसरा झाला. दसऱ्यानंतर आई धाकट्याकडे कराडला जायची. निघताना तिनं दगडांचा डबा मालोजीच्या हातात दिला.

पुढं थंडी पडली आणि बोटाएवढी पडवळं पिवळी होऊन गळून गेली.

संक्रांतीला मालोजी कराडला गेला. जेवायला वाढता वाढता आईनं विचारलं, “दोरं सुटलं न्हाईत न्हवं?”

“न्हाई,” मालोजी म्हणाला.

आईनं समाधानानं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मालोजी खोटं बोलला नव्हता. डब्याचं झाकणच त्यानं कधी उघडलं नव्हतं.